शरीरक्रियाविज्ञानातील संशोधन सभा आणि कार्यशाळा

शरीरक्रियाविज्ञानातील संशोधन सभा आणि कार्यशाळा म्हणजे सजीवांच्या शरीरातील क्रियांचा अभ्यास करणारे संशोधक आपले ताजे, बहुधा अद्याप अप्रकाशित असलेले काम समव्यावसायिकांपुढे मांडण्यासाठी, ते तपासून घेण्यासाठी आणि प्रयोगाची तंत्रे शिकण्यासाठी भरवत असलेल्या बैठका होत. हृदय, तंत्रिका संस्था, स्नायू, श्वसन, वृक्क, अंतःस्रावी ग्रंथी अशा एखाद्या मर्यादित विषयावरील दोन-तीन दिवसांच्या परिसंवादापासून सर्व शाखांना एकत्र आणणाऱ्या जागतिक परिषदेपर्यंत त्यांचे अनेक प्रकार आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सभांना नियमित रूप आले. त्या काळी सभेत केवळ निबंध वाचून दाखवणे पुरेसे मानले जात नसे. शक्य तेथे प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखवावा, अशी अपेक्षा असे. पुढे प्रात्यक्षिकांची जागा व्याख्यानांनी, चित्रफितींनी आणि पोस्टरांनी घेतली, तर हाताने करून पाहण्याचा भाग कार्यशाळांकडे गेला. एखाद्याचा दावा इतरांच्या नजरेखाली तपासला जावा, हा मूळ हेतू मात्र या सर्व प्रकारांत टिकून आहे. त्यामुळे सभेत कोणाला प्रवेश मिळतो आणि कोणाला नाही, हा प्रश्नही या सभांच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला.

स्वरूप आणि व्याप्ती

शरीरक्रियाविज्ञानाच्या सभांची साधारणपणे चार गटांत विभागणी करता येते. पहिला गट राष्ट्रीय संस्थांच्या नियतकालिक सभांचा. ब्रिटनमधील फिजिऑलॉजिकल सोसायटी (स्थापना १८७६) आणि अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटी (स्थापना १८८७) यांच्या सभा या गटात येतात. दुसरा गट जागतिक परिषदांचा. त्या १८८९ पासून, महायुद्धांचा काळ वगळता, दर तीन-चार वर्षांनी भरत आल्या आहेत. तिसरा गट एकाच विषयावरील निवासी परिसंवादांचा असून कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिसंवाद व गॉर्डन संशोधन परिषदा ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. चौथा गट कार्यशाळा आणि प्रशिक्षणवर्गांचा. त्यांत सहभागी व्यक्ती ऐकण्यासाठी नव्हे, तर उपकरणांवर स्वतः काम करण्यासाठी येते.

या सभांतील मांडणी आणि संशोधनपत्रिकेतील लेख यांत महत्त्वाचा फरक आहे. लेख प्रसिद्ध होईपर्यंत प्रयोग पूर्ण झालेला असतो आणि त्यातील अडचणी बहुधा गाळल्या गेलेल्या असतात. सभेत काम अपुऱ्या अवस्थेत मांडले जाते. प्रश्न विचारणाऱ्याला प्राण्याचे तापमान, द्रावणातील क्षारांचे प्रमाण किंवा विद्युतग्राच्या टोकाची जाडी यांसारखे तपशील थेट विचारता येतात. अनेकदा दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांतील विसंगतीचे कारण अशाच तपशिलात सापडते.

इतिहास

आरंभ

३१ मार्च १८७६ रोजी लंडनमध्ये जॉन बर्डन सँडरसन यांच्या घरी १९ शास्त्रज्ञ एकत्र आले आणि फिजिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली. तिच्यामागे तत्कालीन कारण होते. जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध ब्रिटनमध्ये मोठी चळवळ उभी राहिली होती. १८७५ मध्ये या प्रश्नावर शाही आयोग नेमला गेला आणि १८७६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा संमत झाला. या पार्श्वभूमीवर शरीरक्रियाशास्त्रज्ञांना आपसांत विचारविनिमय करण्यासाठी व्यासपीठ हवे होते. आरंभी ही संस्था म्हणजे मर्यादित सभासदांचे भोजनमंडळच होते. चार्ल्स डार्विन आणि विल्यम शार्पी हे तिचे सन्माननीय सभासद होते. १८८० च्या दशकापासून तिच्या सभा विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत भरू लागल्या आणि प्रयोगांची प्रात्यक्षिके हा सभेचा मुख्य भाग बनला.

प्रात्यक्षिकावर आधारलेल्या चर्चेचे गाजलेले आरंभीचे उदाहरण म्हणजे ऑगस्ट १८८१ मध्ये लंडन येथे भरलेल्या सातव्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेतील वाद. मेंदूच्या बाह्यकाचे निरनिराळे भाग निरनिराळी कामे करतात का, हा वादाचा विषय होता. स्ट्रासबुर्गचे फ्रीड्रिक गोल्ट्झ यांचे मत नकारार्थी होते. बाह्यकाचा मोठा भाग काढून टाकूनही कुत्र्याला पक्षाघात होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लंडनचे डेव्हिड फेरियर यांच्या मते हालचालींचे नियंत्रण करणारा विशिष्ट भाग काढल्यास विरुद्ध बाजूचे हातपाय निकामी होतात. दोघांनी आपापले प्राणी परिषदेतील सदस्यांपुढे आणले. गोल्ट्झ यांचा कुत्रा चालत-फिरत होता, तर फेरियर यांच्या एका माकडाचे एका बाजूचे अवयव स्पष्टपणे अधू झालेले होते.

केवळ पाहण्याने वाद मिटणार नव्हता, म्हणून तपासणीसाठी एक समिती नेमण्यात आली. प्राण्यांचे मेंदू समितीच्या सदस्यांनी तपासले. गोल्ट्झ यांच्या कुत्र्याच्या मेंदूतील इजा त्यांनी सांगितली होती तेवढी विस्तृत नव्हती. फेरियर यांच्या माकडातील इजा सांगितल्या ठिकाणीच आढळली. कार्यांच्या स्थाननिश्चितीच्या सिद्धांताला यामुळे मोठे बळ मिळाले. त्याच वर्षी फेरियर यांच्यावर प्राणी-प्रयोग कायद्याखाली खटला भरण्यात आला. शस्त्रक्रिया परवाना असलेले सहकारी जेराल्ड यो यांनी केल्याचे दिसून आल्याने खटला टिकला नाही. सभेत उघडपणे दाखवलेला प्रयोग शास्त्रज्ञाला एकाच वेळी मान्यता मिळवून देऊ शकतो आणि न्यायालयातही नेऊ शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

जागतिक परिषदा

वैद्यक परिषदांमध्ये शरीरक्रियाविज्ञानाला दुय्यम स्थान मिळते, असे अनेकांना वाटत होते. ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पहिली स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पेशीकेंद्रकातील, पुढे न्यूक्लिइक आम्ल म्हणून ओळखल्या गेलेल्या पदार्थाचा शोध लावणारे फ्रीड्रिक मीशर हे तेव्हा तेथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. लांब निबंधांऐवजी प्रात्यक्षिकांवर भर द्यावा आणि परिषद दर तीन वर्षांनी घ्यावी, असे धोरण ठरले. पुढील परिषदा लिएज (१८९२), बर्न (१८९५), केंब्रिज (१८९८), तुरिन (१९०१) अशा निरनिराळ्या शहरांत झाल्या.

प्रात्यक्षिकाच्या परंपरेचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उदाहरण १९२६ च्या स्टॉकहोम परिषदेतील आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवरील प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका हृदयाची व्हेगस तंत्रिका उद्दीपित केली की त्याचे ठोके मंदावत. त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयात घातला की तेही मंदावे. तंत्रिकेच्या टोकाशी एखादे रसायन स्रवत असावे, असा त्याचा अर्थ होता. परंतु इतर प्रयोगशाळांना हा परिणाम नेहमी मिळत नव्हता. ऋतू, तापमान आणि बेडकाची जात यांप्रमाणे निष्कर्ष बदलत. त्यामुळे लोवी यांच्या दाव्याविषयी शंका घेतल्या जात होत्या. स्टॉकहोम येथे त्यांनी जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर तो प्रयोग करून दाखवला आणि एकाच हृदयावर तो १८ वेळा यशस्वी झाला, असे नोंदवले जाते. ते रसायन ॲसिटिलकोलीन असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९३६ मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१९२३ च्या एडिंबरो परिषदेत जे. जे. आर. मॅक्लिऑड यांनी तेव्हा नव्यानेच उपलब्ध झालेल्या इन्सुलिनवर व्याख्यान दिले. १९२९ च्या बॉस्टन परिषदेत डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी एक सूत्र मांडले. शरीरक्रियाविज्ञानातील पुष्कळ प्रश्नांसाठी असा एखादा प्राणी असतो, की ज्याच्यावर तो प्रश्न सर्वांत सोयीने अभ्यासता येतो, असा त्याचा आशय होता. हे सूत्र ‘क्रोग यांचे तत्त्व’ म्हणून ओळखले जाते. १९३५ ची परिषद लेनिनग्राड व मॉस्को येथे इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या अध्यक्षतेखाली झाली. १९५३ मध्ये माँट्रिऑल येथील परिषदेच्या वेळी शरीरक्रियाविज्ञानाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि परिषदांची जबाबदारी त्याच्याकडे आली.

युद्ध आणि बहिष्कार

१९१३ ची ग्रोनिंगेन परिषद झाल्यानंतर पहिल्या महायुद्धामुळे सात वर्षे खंड पडला. १९२० ची परिषद पॅरिस येथे भरली, परंतु तिच्यात जर्मनी व ऑस्ट्रिया या पराभूत राष्ट्रांतील शास्त्रज्ञांना स्थान नव्हते. युद्धापूर्वी शरीरक्रियाविज्ञानाचे सर्वांत मोठे केंद्र जर्मन भाषक प्रदेश हेच होते. त्यामुळे या वगळण्याची झळ साऱ्या विषयालाच बसली. १९२३ मध्ये एडिंबरो येथे एडवर्ड शार्पी-शेफर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत हा बहिष्कार संपला. स्टॉकहोम येथे लोवी यांना प्रयोग दाखवता आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धामुळे १९३८ च्या झुरिक परिषदेनंतर पुन्हा खंड पडला आणि १९४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे परिषदा पूर्ववत सुरू झाल्या.

एका विषयावरील परिसंवाद

परिषदांचा व्याप वाढल्यावर सखोल चर्चेसाठी लहान सभांची गरज भासू लागली. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथे कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत रेजिनाल्ड हॅरिस यांनी १९३३ मध्ये परिमाणात्मक जीवविज्ञानावरील वार्षिक परिसंवाद सुरू केले. दर वर्षी एकच विषय निवडला जाई आणि निबंधांचा खंड प्रसिद्ध होई.

या मालिकेतील १९३६ चा परिसंवाद पेशींच्या उद्दीपनाविषयी होता. त्यात इंग्लंडचे जे. झेड. यंग यांनी स्क्विड या सागरी प्राण्यातील महाकाय तंत्रिकातंतूंविषयी माहिती दिली. कोकण किनाऱ्यावर माकुल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या या गटात काही तंतूंची जाडी सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर असते. सस्तन प्राण्यांतील जाड तंतूंच्या तुलनेतही ती कित्येक पटींनी अधिक आहे. एवढ्या जाड तंतूच्या आत विद्युतग्र घालणे शक्य होते. क्रोग यांच्या तत्त्वाला साजेसा प्राणी तंत्रिकाविज्ञानाला मिळाला. अमेरिकेत केनेथ कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि इंग्लंडमध्ये प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्स्ली यांनी या तंतूवर प्रयोग केले. १९५२ च्या कोल्ड स्प्रिंग हार्बर परिसंवादाचा विषय तंत्रिका पेशी हा होता. त्यात हॉजकिन व हक्स्ली यांनी तंत्रिका संदेशाच्या वेळी सोडियम व पोटॅशियम आयनांची हालचाल कशी होते, याविषयीचे आपले काम मांडले. त्याच वर्षी त्यांचे मूळ लेख प्रसिद्ध झाले. १९६३ मध्ये त्यांना जॉन एकल्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. याच मालिकेत १९६५ मध्ये संवेदी ग्राही, १९७२ मध्ये स्नायूंच्या आकुंचनाची यंत्रणा आणि १९७५ मध्ये तंत्रिकासंधी हे विषय घेतले गेले.

गॉर्डन संशोधन परिषदांची सुरुवात १९३१ मध्ये नील गॉर्डन यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केली. आरंभी रसायनशास्त्रापुरत्या असलेल्या या परिषदा पुढे जीवविज्ञानातही रूढ झाल्या. साधारण आठवडाभर चालणाऱ्या या निवासी परिषदांत सकाळी व संध्याकाळी सत्रे असतात आणि दुपार अनौपचारिक चर्चेसाठी मोकळी ठेवली जाते. येथे सांगितलेली माहिती संबंधितांच्या परवानगीशिवाय उद्धृत किंवा ध्वनिमुद्रित करता येत नाही. अपुरे निष्कर्ष निःसंकोचपणे सांगता यावेत, हा या नियमाचा हेतू आहे.

सभांतील मांडणीचे प्रकार

प्रात्यक्षिक: प्रयोग किंवा नवे उपकरण सर्वांसमक्ष चालवून दाखवणे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रकार प्रमुख होता.

तोंडी निवेदन: साधारणपणे १० ते १५ मिनिटांत एक प्रयोग किंवा प्रयोगमालिका मांडली जाते आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे होतात. फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या सभांत दीर्घकाळ एक विशेष प्रथा होती. निवेदनाचा सारांश संस्थेच्या कार्यवृत्तात छापावा की नाही, हे उपस्थित सभासद निवेदन ऐकल्यानंतर मतदानाने ठरवत.

पोस्टर: संशोधक आपले काम मोठ्या फलकावर मांडून त्याच्याजवळ उभा राहतो आणि येणाऱ्यांशी बोलतो. १९७० च्या दशकापासून हा प्रकार सर्वत्र रूढ झाला. निवेदनांची संख्या वाढल्यामुळे तो स्वीकारला गेला असला, तरी नवख्या संशोधकाला ज्येष्ठांशी समोरासमोर बोलण्याची संधी त्यामुळे मिळाली.

परिसंवाद: एका प्रश्नावर काम करणारे चार-पाच निमंत्रित वक्ते एकापाठोपाठ बोलतात आणि शेवटी एकत्रित चर्चा होते.

निमंत्रित व्याख्यान: ज्येष्ठ संशोधक आपल्या दीर्घ कामाचा आढावा घेतो. अनेक संस्थांनी अशी व्याख्याने पूर्वसूरींच्या नावे सुरू केली आहेत.

कार्यशाळा

कार्यशाळेत तंत्र शिकवले जाते. शरीरक्रियाविज्ञानातील पुष्कळ तंत्रे लिखित वर्णनावरून पूर्णपणे आत्मसात होत नाहीत. काचेची नळी तापवून तिचे टोक किती ओढावे, ऊतक किती वेळ जिवंत राहते, विद्युत गोंगाट कोठून येतो, अशा गोष्टी जाणकाराच्या शेजारी बसून शिकाव्या लागतात.

याचा जुना नमुना अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवविज्ञान प्रयोगशाळेत आढळतो. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेत १८९२ मध्ये झाक लोब यांच्या मार्गदर्शनाखाली शरीरक्रियाविज्ञानाचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. व्याख्याने आणि प्रयोग यांची सांगड घालणारा हा वर्ग आजही चालू आहे.

पॅच क्लॅम्प तंत्राचा प्रसार हे कार्यशाळांच्या उपयुक्ततेचे अलीकडच्या काळातील उदाहरण आहे. एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये पेशीपटलातील एकेका आयनमार्गातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजल्याचे प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंत्रात मोठी सुधारणा केल्याचे जाहीर केले. सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाच्या तोंडाची काचनळी पेशीपटलावर टेकवून हलके शोषण दिले असता दोहोंमध्ये अतिशय घट्ट सांधा तयार होतो आणि अत्यंत सूक्ष्म प्रवाहही मोजता येतात. हा सांधा जुळवणे हे हस्तकौशल्याचे काम आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात सूक्ष्म विद्युतग्र तंत्रांची कार्यशाळा सुरू झाली. सहभागी संशोधक तेथे स्वतः विद्युतग्रे तयार करून पेशींवर नोंदी घेऊ लागले. या कार्यशाळेतील पाठांवर आधारित हस्तपुस्तिका १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि कार्यशाळेला जाऊ न शकणाऱ्या प्रयोगशाळांतही ती वापरली गेली. हॉजकिन व हक्स्ली यांनी स्क्विडच्या तंतूवर प्रयोग केले होते, तीच ही प्रयोगशाळा. नेहर व साकमान यांना १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अलीकडच्या कार्यशाळांत संख्याशास्त्रीय विश्लेषण, प्रयोगाची आखणी, प्रतिमांकन, संगणकीय प्रतिमाने आणि माहितीसाठ्यांचा वापर यांचाही समावेश असतो.

वादांची तड: रसायन की वीज

सभांचा वैज्ञानिक वादांवर होणारा परिणाम तंत्रिकासंधीतील संदेशवहनाच्या प्रश्नात स्पष्ट दिसतो. १९३० च्या दशकात हेन्री डेल आणि त्यांचे सहकारी रासायनिक संदेशवहनाचा पुरस्कार करत होते. लोवी यांच्या प्रयोगानंतर हृदयासारख्या अवयवांपुरते ते मान्य झाले होते. परंतु स्नायू व मेरुरज्जू यांतील संदेश अतिशय जलद असल्याने तो विद्युत स्वरूपाचाच असला पाहिजे, असे जॉन एकल्स यांचे मत होते. फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या सभांत या दोन पक्षांमध्ये तीव्र शाब्दिक चकमकी होत. व्यक्तिगत संबंध मात्र स्नेहाचे राहिले. विरोधकांच्या प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायचे असल्यामुळे डेल यांच्या गटाला अधिक काटेकोर प्रयोग करावे लागले.

१९५१ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे एकल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेरुरज्जूतील प्रेरक पेशीच्या आत सूक्ष्म विद्युतग्र घालून नोंदी घेतल्या. निरोधक संकेत येताच पेशीच्या आतील विद्युतदाब त्यांच्या सिद्धांतानुसार अपेक्षित दिशेच्या उलट गेला. एकल्स यांनी आपले जुने मत सोडून रासायनिक संदेशवहन स्वीकारले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस एडविन फर्शपन व डेव्हिड पॉटर यांनी क्रेफिश या कवचधारी प्राण्यात प्रत्यक्ष विद्युत तंत्रिकासंधी असल्याचे दाखवले. दोन्ही प्रकार निसर्गात आहेत आणि त्यांपैकी रासायनिक संधी अधिक प्रमाणात आढळतात, असे आज मानले जाते.

सहभाग आणि प्रवेश

सभा हे मान्यता मिळवण्याचे ठिकाण असल्याने सभासदत्व नाकारले जाण्याचे परिणाम गंभीर होते. अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीने १९०२ मध्ये आयडा हाइड यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या पहिल्या महिला सभासद होत. ब्रिटनच्या फिजिऑलॉजिकल सोसायटीत महिलांना सभासदत्व मिळण्यास १९१५ साल उजाडले. फ्लॉरेन्स ब्यूकॅनन आणि विनिफ्रेड कलिस या त्या वर्षी निवडल्या गेलेल्या पहिल्या महिलांपैकी होत्या. ब्यूकॅनन त्यापूर्वी अनेक वर्षे सभांमध्ये आपले काम मांडत होत्या. संशोधन स्वीकारले जात होते, परंतु संशोधक स्त्रीला संस्थेच्या निर्णयांत वाटा नव्हता. सभेनंतरचे भोजन हा संस्थेच्या जीवनाचा महत्त्वाचा भाग असल्याने महिलांच्या प्रवेशाला असलेल्या विरोधात त्याचाही संदर्भ दिला जात असे.

आज प्रवासखर्च, नोंदणीशुल्क आणि प्रवेशपरवाना हे प्रमुख अडथळे मानले जातात. त्यांवर उपाय म्हणून अनेक संस्था विद्यार्थ्यांना व कमी उत्पन्नाच्या देशांतील संशोधकांना प्रवास अनुदान देतात.

प्राणी-प्रयोग आणि नैतिक बंधने

प्राण्यांवरील जिवंत प्रात्यक्षिके जवळजवळ बंद झाली आहेत. १९५९ मध्ये विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वे त्यामागील विचाराला आधारभूत ठरली. शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या कमी करणे आणि वेदना कमीत कमी होतील अशी पद्धत वापरणे, ही ती तत्त्वे होत. ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याची जागा १९८६ च्या कायद्याने घेतली. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीमार्फत होते. सभांसाठी सारांश पाठवताना प्रयोगाला नैतिक समितीची मान्यता असल्याचे नमूद करावे लागते. मानवावरील प्रयोगांसाठी सहभागी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आवश्यक असते.

भारतातील सभा

भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञांची फिजिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९३४ मध्ये कोलकाता येथे स्थापन झाली. १९५० च्या दशकात शरीरक्रियाविज्ञान व औषधक्रियाविज्ञान या दोन विषयांच्या अभ्यासकांची संयुक्त संघटना उभी राहिली. तिचे नियतकालिक १९५७ पासून प्रसिद्ध होते. तिची वार्षिक परिषद देशाच्या निरनिराळ्या भागांतील वैद्यकीय संस्थांमध्ये भरते. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी ही परिषद आणि तिला जोडून होणाऱ्या कार्यशाळा संशोधन मांडण्याची महत्त्वाची संधी असते.

१९७४ मध्ये शरीरक्रियाविज्ञानाची २६ वी जागतिक परिषद नवी दिल्ली येथे झाली. १९६५ च्या टोकियो परिषदेनंतर आशियात भरलेली ही दुसरी जागतिक परिषद होती.

महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात महाबळेश्वर येथे आधुनिक जीवविज्ञानावरील निवासी परिसंवादांची मालिका सुरू केली. रेण्वीय जीवविज्ञान व तंत्रिकाविज्ञान या शाखांतील देशी-विदेशी संशोधक आणि विद्यार्थी त्यामुळे काही दिवस एकत्र राहून चर्चा करू शकले.

बदलते स्वरूप

२०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे जगभरातील सभा रद्द झाल्या किंवा दूरस्थ पद्धतीने घ्याव्या लागल्या. बीजिंग येथील ३९ वी जागतिक परिषद पुढे ढकलली जाऊन २०२२ मध्ये प्रामुख्याने दूरस्थ स्वरूपात झाली. दूरस्थ सभांमुळे प्रवासखर्च वाचतो आणि दूरच्या विद्यार्थ्यांनाही व्याख्याने ऐकता येतात. मात्र पोस्टरजवळील किंवा जेवणाच्या टेबलावरील अनौपचारिक बोलणे त्यांत साधत नाही आणि उपकरण हाताळण्याचे शिक्षणही त्यांतून पूर्णपणे देता येत नाही. त्यामुळे अनेक संस्थांनी व्याख्यानांसाठी मिश्र पद्धत स्वीकारली असून प्रात्यक्षिक कार्यशाळा प्रत्यक्षच घेतल्या जातात.

संस्थांच्या सभांची रचनाही बदलली आहे. अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीची वार्षिक सभा अनेक वर्षे इतर जीववैद्यकीय संस्थांच्या संयुक्त परिषदेचा भाग होती. २०२३ पासून ती स्वतंत्रपणे भरू लागली. युरोपातील संस्थांनी संयुक्त परिषदा सुरू केल्या असून त्यांपैकी एक २०१८ मध्ये लंडन येथे झाली.

महत्त्व आणि मर्यादा

सभेत मांडलेले निष्कर्ष अंतिम मानले जात नाहीत. त्यांचे सारांश संशोधनपत्रिकेतील लेखांइतके काटेकोर परीक्षण होऊन छापले जात नाहीत आणि मांडलेले सर्वच काम पुढे लेखरूपाने प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे सभेतील सारांश पुरावा म्हणून उद्धृत करताना सावधगिरी बाळगावी लागते. शिवाय प्रसिद्ध वक्त्याचा प्रभाव आणि प्रतिस्पर्ध्याने कल्पना आधी वापरण्याची भीती यांचाही चर्चेवर परिणाम होतो.

तरीही प्रयोगाची पुनरावृत्ती होऊ शकते की नाही, या प्रश्नाच्या संदर्भात सभा आणि कार्यशाळांचे स्थान महत्त्वाचे राहिले आहे. १८८१ मध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांच्या प्राण्यांची तिसऱ्याने तपासणी केली, १९२६ मध्ये शंकेखोरांसमोर प्रयोग पुन्हा पुन्हा करण्यात आला आणि १९८० च्या दशकापासून नवे तंत्र कार्यशाळांतून शिकवले गेले. या तिन्ही प्रसंगी एका प्रयोगशाळेपुरते मर्यादित असलेले ज्ञान इतरांच्या हाती तपासणीसाठी दिले गेले.

निवडक जागतिक परिषदा

१८८९, बाझेल: पहिली परिषद
१९१३, ग्रोनिंगेन: पहिल्या महायुद्धापूर्वीची शेवटची परिषद
१९२०, पॅरिस: जर्मनी व ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञांविना झालेली परिषद
१९२३, एडिंबरो: बहिष्काराचा शेवट, इन्सुलिनवरील व्याख्यान
१९२६, स्टॉकहोम: लोवी यांचे प्रात्यक्षिक
१९२९, बॉस्टन: क्रोग यांच्या तत्त्वाची मांडणी
१९३५, लेनिनग्राड व मॉस्को: पाव्हलॉव्ह अध्यक्ष
१९४७, ऑक्सफर्ड: दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली परिषद
१९५३, माँट्रिऑल: आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना
१९६५, टोकियो: आशियातील पहिली परिषद
१९७४, नवी दिल्ली: भारतात झालेली परिषद
२०२२, बीजिंग: प्रामुख्याने दूरस्थ पद्धतीने झालेली परिषद
२०२५, फ्रँकफर्ट: ४० वी परिषद